मूळव्याधीचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळव्याधीबद्दल लोक घरात पण धड बोलत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनची तारीख मिळाली की माणूस रात्री मोबाईल घेऊन बसतो आणि एकीकडे "दोन दिवसात ऑफिसला गेलो" आणि दुसरीकडे "मरण बरं वाटलं" असं दोन्ही वाचून आणखीच घाबरतो. खरं या दोन्हीच्या मधे कुठेतरी आहे. माझं स्वतःचं उघडं, म्हणजे कापून काढायचं ऑपरेशन झालंय आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक हळूच बाजूला घेऊन हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

मला खरंच ऑपरेशन लागणार का?

बहुतेकांना लागत नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, त्या सुजून खाली सरकल्या की त्याला मूळव्याध म्हणतात. आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं रक्त जातं, दुसरीत जोर केल्यावर कोंब, म्हणजे सुजलेली गादी, बाहेर येतो पण आपला आपण आत जातो, तिसरीत बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथीत ढकलून पण जात नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत खाणंपिणं सुधारून, शी मऊ ठेवून आणि लागलंच तर ओपीडीत रबर बँड लावून काम भागतं. हा बँड कोंबाच्या मुळाशी बसवतात, त्याचं रक्त तुटतं आणि काही दिवसांत तो वाळून गळून पडतो. भूल पण लागत नाही कारण तिथे आत दुखण्याची जाणीव फारशी नसते. ऑपरेशनचा विषय येतो तो तिसऱ्या-चौथ्या पायरीला, किंवा बँड लावून पण परत परत होत असेल, किंवा रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन खाली आलं असेल तेव्हा.

बाहेरच्या बाजूला अचानक निळसर, टणक, प्रचंड दुखणारी गाठ आली तर ते वेगळं प्रकरण, त्यात रक्ताची गुठळी झालेली असते. पहिल्या ७२ तासांत दाखवलं तर तेवढीच जागा बधिर करून ती काढता येते, त्यानंतर मात्र बहुतेक वेळा ती आपोआप बसू देतात कारण तोवर दुखणं उतरणीला लागलेलं असतं.

रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच ना?

हे कृपा करून गृहीत धरू नका. लाल रक्त फिशरमधे, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेल्या चिरेत, पण पडतं, आतड्याच्या सुजेत पडतं आणि आतड्याच्या कॅन्सरमधे पण पडतं, आणि "मूळव्याधच असेल" म्हणत महिनोन्‌महिने मलम लावत बसलेले लोक असतात म्हणून मी यावर इतका जोर देतोय. वय ४५ च्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, वजन कमी होत असेल, रक्त कमी झालं असेल, शीची सवय बदलली असेल किंवा रक्त गडद रंगाचं असेल तर ऑपरेशनच्या आधी कोलोनोस्कोपीबद्दल (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी) स्वतःहून विचारा. साधारण ओळख सांगायची तर साध्या आतल्या मूळव्याधीत रक्त जातं पण दुखत नाही, आणि शी करताना काचेने कापल्यासारखं होत असेल तर बहुधा फिशर असते. पण ही ओळख डॉक्टरला काय सांगायचं त्यासाठी, घरी निदान करायला नाही.

ऑपरेशनचे प्रकार कोणते आणि त्यातलं चांगलं कोणतं?

सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं म्हणजे कोंब कापून काढणं. उघडी पद्धत मिलिगन आणि मॉर्गन या सर्जननी १९३७ मधे मांडली, त्यात कोंब काढून जखम उघडीच ठेवतात आणि ती खालून वर भरत येते. फर्ग्युसनची बंद पद्धत १९५९ ची, त्यात टाके घालून जखम बंद करतात, टाके विरघळणारे असतात त्यामुळे काढावे लागत नाहीत. "उघडी जखम, ती पण तिथे?" ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण त्या भागाचा रक्तपुरवठा इतका चांगला असतो की रोज शी लागून सुद्धा मोठं इन्फेक्शन क्वचितच होतं.

मग स्टेपलर आहे, १९९० च्या दशकात लोंगो या इटालियन सर्जनने रूढ केलेला. यात कोंब कापत नाहीत, त्याच्या वरच्या भागातली आतल्या अस्तराची एक गोल पट्टी काढून कोंब वर ओढून घेतात. सुरुवातीला कमी दुखतं हे खरं आहे, पण पुढे परत उद्भवायचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्त आहे, २०१६ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात पण हेच दिसलं. डॉपलरने (रक्तप्रवाह ओळखणारी सोनोग्राफी) कोंबाला रक्त पुरवणारी धमनी शोधून तिला टाका घालायची पद्धत आहे, त्यात पण सुरुवातीचं दुखणं कमी आणि परत होण्याची शक्यता जास्त, असाच सौदा आहे.

"सगळ्यात चांगलं कुठलं" यापेक्षा सर्जनला असं विचारा की माझी पायरी कुठली, बाहेरचा भाग किती आहे, आणि तुम्ही स्वतः यातलं कुठलं ऑपरेशन नेहमी करता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

लेझरने अजिबात दुखत नाही म्हणतात, खरं का?

कमी दुखतं, अजिबात नाही असं नाही. लेझरचा बारीक फायबर कोंबाच्या आत घालून तो आतून आटवतात, मोठी जखम होत नाही म्हणून पहिला आठवडा सोपा जातो. पण खूप मोठे कोंब किंवा बाहेरची लोंबणारी कातडी याने नीट जात नाही. आणि एक बघा, काही ठिकाणी कापायचं काम लेझरने करतात आणि त्याला पण लेझर ऑपरेशनच म्हणतात, मग जखम तेवढीच आणि दुखणं पण जवळजवळ तेवढंच. म्हणून "लेझरने आटवणार का लेझरने कापणार" हे सरळ विचारून घ्या.

आधी काय तयारी करावी लागते?

रक्त तपासणी, वयाप्रमाणे ईसीजी, भूलतज्ज्ञांची भेट. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, मनाने बंद करू नका कारण हृदयात स्टेंट वगैरे असेल तर ते धोक्याचं आहे. साधारण सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला जे सांगितलं असेल तेच पाळा. त्या दिवशी सकाळी एनिमा देतात.

मला विचाराल तर खरी तयारी आठवडाभर आधी सुरू होते. शी मऊ करणारं जे काही ऑपरेशननंतर घेणार ते डॉक्टरांना विचारून आधीच चालू करा म्हणजे किती घेतल्यावर तुमचं पोट कसं वागतं ते कळतं. नंतर दुखत असताना डोसचे प्रयोग करायची इच्छाच राहत नाही. आणि टब, सॅनिटरी पॅड, मऊ ओले वाइप्स (वास नसलेले), कापसाचे सैल अंतर्वस्त्र, हे घरात आणून ठेवा. हो, पुरुषांनी पण पॅड आणायचेत, लाजू नका.

भूल कुठली देतात? ऑपरेशनला किती वेळ लागतो?

बहुतेकदा कमरेतून इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, कधी पूर्ण भूल. ऑपरेशन साधारण अर्धा-पाऊण तास चालतं. कमरेतून दिलं असेल तर पाय काही तास आपले नसल्यासारखे पडून असतात, ते परत येतात, घाबरू नका. नंतर बसलं की डोकं फार दुखायला लागलं आणि आडवं झालं की थांबलं तर डॉक्टरांना सांगा, त्या इंजेक्शनमुळे तसं होऊ शकतं आणि त्याला उपाय आहे.

घरी कधी सोडतात?

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सोडायच्या आधी लघवी होते का हे बघतात, कारण या ऑपरेशननंतर लघवी तुंबणं बऱ्यापैकी कॉमन आहे, विशेषतः पुरुषांत. भूल, दुखणं आणि सलाईनचं पाणी असं सगळं एकत्र येतं. गरम पाण्याच्या टबात बसून तिथेच लघवी करून बघा, नर्सच हे सांगतात आणि त्याने बऱ्याच जणांना होते. नाहीच झाली तर थोडा वेळ नळी घालतात.

खरं सांगा, किती दुखतं?

कापून काढलं असेल तर दुखतं, चांगलंच दुखतं. पहिले काही तास भुलीचा असर असतो आणि माणसाला वाटतं "अरे हे तर सोपं होतं", मग तो उतरला की ठणका सुरू होतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, आणि शी झाल्यानंतर तास-दोन तास तो ठणका वाढतो. पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास पुष्कळांना परत एकदा दुखणं वर येतं आणि वाटतं काहीतरी बिघडलं, पण ताप नसेल आणि रक्त भळाभळा जात नसेल तर हा चढउतार नेहमीचा आहे. दुसऱ्या आठवड्यात उतार जाणवायला लागतो आणि मग एका सकाळी लक्षात येतं की तासभर झाला आपण त्या जागेचा विचारच केला नाही. आतली जखम पूर्ण भरायला मात्र सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

इतकं का दुखतं तर तिथली बाहेरची कातडी बोटाच्या टोकाइतकी संवेदनशील असते, शिवाय दुखलं की आतला गोल स्नायू आवळतो, आवळला की आणखी दुखतं, असं ते चक्र चालू राहतं. पुढचे सगळे उपाय हे चक्र तोडायलाच असतात.

पहिली शी! याचीच सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

सगळ्यांना वाटते, आणि याच भीतीपायी लोक जे करतात त्यानेच त्रास वाढतो. जेवण कमी करतात, आलेली कळ दाबून धरतात, मग शी आत सुकत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगड होऊन बाहेर येते. या सगळ्या पानातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: शी मऊ ठेवा आणि कळ आली की जा.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात पहिली होते. दुखण्याची गोळी घेऊन पाऊण तासाने जाता आलं तर बरं, पण कळ त्याआधी आली तर गोळीची वाट बघत बसू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. तोंड उघडं ठेवून हळूहळू श्वास सोडत राहा, श्वास रोखला की आपण नकळत कुंथतो. जळजळतं, टोचतं, डोळ्यात पाणी येतं, हे सगळं होऊ शकतं. भांड्यातलं पाणी लाल झालेलं दिसतं, थोडंसं रक्त पण पाण्यात खूप दिसतं. पाच-सात मिनिटांत झाली नाही तर उठा, परत कळ आली की परत या. झाल्यावर कागदाने घासू नका, कोमट पाण्याची हलकी धार, टिपून कोरडं, आणि लगेच टबात. दुसरी शी पहिलीपेक्षा सोपी असते आणि चौथी-पाचवी होईपर्यंत भीती तरी निघून गेलेली असते.

तीन दिवस झाले आणि काहीच नाही तर डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनाने एनिमा घेऊ नका, आत ताजी जखम आहे.

टबबाथ कसा घ्यायचा? पाण्यात काय घालायचं?

काहीही घालायचं नाही. साधं कोमट पाणी, कोपर बुडवून सहन होईल इतकं, आणि कंबर बुडेल असा टब. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा आणि प्रत्येक शीनंतर. जंतुनाशक घातलं तर उलट कातडी चुरचुरते. याने जखम लवकर भरते असं नाही, पण आवळलेला स्नायू सैल सोडतो. पहिल्यांदा बसाल तेव्हा चिकटलेला गॉज (जखमेवरची जाळीदार पट्टी) ओढून काढायचा मोह होतो, नका ओढू, पाण्यात जरा वेळ बसलं की तो आपोआप सुटून तरंगायला लागतो. उठताना सावकाश उठा, कुणीतरी जवळ असू दे, गरम पाण्यातून एकदम उठलं की चक्कर येते.

काय खायचं?

पोटभर खायचं, चोथा असलेलं, म्हणजे भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, सालासकट धान्य, आणि पाणी भरपूर. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा असं सांगतात. जेवणातून तेवढा जात नसेल तर इसबगोल, पण त्याच्याबरोबर पाणी कमी पडलं तर तोच उलटा अडकतो. तिखट बंद करायचं का हे प्रत्येक जण विचारतो. तिखटाने जखम बिघडत नाही पण जाताना आग होते, म्हणून पहिले दोन आठवडे कमी ठेवलेलं बरं.

औषधं कुठली देतात?

साधारणपणे पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी एखादी पेनकिलर, घड्याळ लावून. दुखायची वाट बघून घ्यायच्या नाहीत, दुखणं डोक्यावर बसलं की गोळीला उतरवायला वेळ लागतो. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा. ट्रॅमाडॉल किंवा त्या जातीच्या कडक गोळ्या बद्धकोष्ठ करतात, म्हणून फार लागल्या तरच. काही सर्जन मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक देतात, त्याने दुखणं कमी व्हायला मदत होते (त्यावर दारू मात्र बिलकुल नको). डिल्टियाझेमचं मलम स्नायू सैल करतं, ग्लिसेरिल ट्रायनायट्रेटचं पण करतं पण त्याने डोकं दुखू शकतं. शी मऊ ठेवायला लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगॉल. जुलाब झाले तर डोस कमी करून घ्या, कारण पातळ शी पण जखमेला आग लावते.

पॅडला पिवळसर, वास येणारं पाणी लागतंय, पू झाला का?

बहुतेक वेळा नाही. उघडी जखम भरताना असं पाणी सुटतंच, थोडं गुलाबी, थोडं पिवळट, आणि जागा तशी असल्यामुळे वास येतो. दोन-चार आठवडे चालतं. खाज पण सुटते, ती भरण्याच्या टप्प्यावरच सुटते. घाण हिरवट पाणी, वाढत जाणारा ठणका आणि ताप असं सगळं बरोबर आलं तर मात्र दाखवा.

डॉक्टरकडे लगेच कधी धावायचं?

गुठळ्या पडत असतील किंवा रक्त थांबतच नसेल, पॅड भिजून लगेच दुसरा भिजत असेल. लघवी सहा-आठ तास झालीच नसेल आणि ओटीपोट फुगलं असेल. १०१ च्या वर ताप किंवा थंडी वाजून येत असेल. कमी होत चाललेलं दुखणं उलट रोज वाढत असेल. चक्कर, घाम, धडधड. यात एक खास गोष्ट अशी की रक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होतो तसा सातव्या ते चौदाव्या दिवसात पण होऊ शकतो, तेव्हा माणूस बेफिकीर झालेला असतो आणि प्रवासाला निघतो. दोन आठवडे होईपर्यंत हॉस्पिटलपासून फार लांब जाऊ नका.

बसायचं-झोपायचं कसं?

कुशीवर झोपा, गुडघ्यांमधे उशी. बसायला साधी मऊ उशी. मधे भोक असलेली गोल रिंग काही सर्जन नको म्हणतात कारण तिच्यावर जास्त वेळ बसलं की कडा ताणल्या जातात. पडून पडून पण राहू नका, घरातल्या घरात चालत राहिलं की पोट चालतं.

कामावर कधी? गाडी, व्यायाम, संबंध?

बसून करायचं काम असेल तर कापून काढल्यावर दोन आठवडे धरा, अंगमेहनतीचं असेल तर तीन-चार. बँड किंवा लेझरनंतर यापेक्षा लवकर. ऑफिसात "छोटं ऑपरेशन आहे" एवढं सांगितलं तरी पुरतं, कुठलं ते सांगायचं बंधन नाही. गाडी, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि न दचकता जोरात ब्रेक दाबता येईल तेव्हाच. जड उचलणं दोन-तीन आठवडे नको. चालणं पहिल्या दिवसापासून, पोहणं जखम भरल्यावर, सायकल सगळ्यात शेवटी. संबंध दुखायचं थांबल्यावर ठेवायला हरकत नाही, गुदमार्गाचा मात्र पूर्ण भरल्यावर आणि सर्जनला विचारूनच.

शीवरचा कंट्रोल जातो का?

सुरुवातीचे काही दिवस गॅस रोखता येत नाही किंवा थोडा डाग लागतो, ते बहुतेकांचं जातं. कायमचा त्रास क्वचित होतो. आधीच कंट्रोल कमी असेल, अवघड बाळंतपण झालेलं असेल किंवा त्या भागाचं आधी ऑपरेशन झालेलं असेल तर ते सर्जनला आधी सांगणं फार गरजेचं आहे, त्यावरून ते पद्धत बदलू शकतात. उलट बाजूने क्वचित वाट अरुंद होते, म्हणून तर दोन जखमांच्या मधे चांगल्या कातडीची पट्टी मुद्दाम राखतात. महिना उलटून गेल्यावर शी पेन्सिलसारखी बारीक व्हायला लागली तर दाखवा, वेळेत कळलं तर बऱ्याचदा साध्या उपायांनी सुटतं.

बोटाला परत कोंबासारखं काहीतरी लागतंय, राहिलं का आत?

पहिल्या महिन्यात ही सूज असते, टाक्यांच्या आजूबाजूची कातडी फुगते. पुढे बहुतेक बसते, कधीकधी छोटी लोंबती कातडी राहते, ती दिसायला नको वाटते पण निरुपद्रवी असते. रोज आरसा धरून बघत बसू नका, तपासणीच्या दिवशी सर्जनलाच बघू द्या.

गरोदर असताना करतात का?

शक्यतो नाही. बाळंतपणानंतर बरीचशी मूळव्याध आपोआप उतरते, तोवर शी मऊ ठेवणं आणि टबबाथ यावर निभावतात.

परत होते का?

काढलेला कोंब परत येत नाही, पण बाकीच्या गाद्या तिथेच आहेत आणि कुंथण्याची सवय तशीच राहिली तर त्या सुजू शकतात. कापून काढलेल्यांत परत होण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. सवयीत सगळ्यात आधी सोडायची ती मोबाईल घेऊन संडासात बसायची, कारण तिथे जितका वेळ बसाल तितका वेळ त्या गाद्यांत रक्त उतरून साचत राहतं, जोर करत असाल किंवा नसाल. चोथा आणि पाणी मात्र जखम भरली म्हणून बंद करायचं नाही, ते कायमचं. आणि काही वर्षांनी परत रक्त दिसलं तर "माझं तर ऑपरेशन झालंय, तेच असेल" म्हणून घरी बसू नका, पहिल्यांदा दाखवलं होतं तसंच नव्याने जाऊन तपासून घ्या.